प्रस्तावना : फिरंगी आणि पोर्तुगीज

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांचा गोव्यावरील साडेचारशे वर्षांचा अंमल संपला, हे महाराष्ट्रातील व गोमंतकातील बहुतेक वाचकांना ठाऊक असते; परंतु ज्या राजवटीने शेवटच्या शिपायापर्यंत लढा असा हुकूम लिस्बनहून पणजीला धाडला होता, ती राजवट खुद्द लिस्बनमध्ये २५ एप्रिल १९७४ पर्यंत, म्हणजे आणखी बारा वर्षे आणि चार महिने, तशीच टिकून राहिली, आणि निर्भयपणे बोलण्याचे, छापण्याचे व मत देण्याचे जे स्वातंत्र्य गोमंतकीयांच्या पदरी पडून चुकले होते त्याच स्वातंत्र्यासाठी त्या अवधीत पोर्तुगीज नागरिक तुरुंग भोगीत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. हुकूमशहा सालाझारने उभारलेल्या त्या राजवटीतून गोवा आधी सुटला, पोर्तुगाल मागाहून. पोर्तुगीज लोकांच्या इतिहासाकडे मराठी वाचकाने कोणत्या बाजूने पाहावे याची किल्ली मला या दोन तारखांतील अंतरात सापडते. किल्ली न म्हणता चावी म्हटले तर अधिक शोभेल, कारण तो शब्द मुळी त्यांचाच.

आपल्या भाषेने या लोकांना जे नाव दिले ते त्यांचे स्वतःचे नव्हे. युरोपातील 'फ्रँक' जमातीचे नाव अरबी-फारसीच्या वाटेने येता येता 'फिरंगी' झाले, आणि मराठीत येऊन ते माणसापुरते राहिले नाही : युरोपी घडणीचे सरळ पाते ते 'फिरंग', आणि 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात वर्णिलेला नवा, ओंगळ रोग तो 'फिरंगरोग'. तलवार, व्याधी आणि माणूस यांना एकाच शब्दात कोंबणाऱ्या समाजाचा त्या माणसाशी आलेला संबंध कोणत्या प्रकारचा असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पाने वसई घेतली, तिथल्या चर्चमधील घंटा देवळांच्या दारी टांगल्या गेल्या, आणि मराठी मनातील फिरंग्याचे प्रकरण विजयाच्या निनादात पुरे झाले. हे चित्र खोटे आहे असे म्हणण्याचे मला काहीच कारण नाही. मात्र ते एका राज्याचे चित्र आहे, लोकांचे नव्हे. त्या राज्याची जी हत्यारे आपल्या अंगावर आली, म्हणजे धर्मन्यायालय, मक्तेदारी, हेरखाते, छपाईवरील पहारा, ती बहुतेक सारी आधी त्या लोकांच्याच पाठीवर परजलेली होती. पुढील प्रकरणांत हा धागा वारंवार भेटेल, म्हणून तो इथेच हाती देऊन ठेवतो. एवढ्याने आपल्यावरील अन्याय हलका होतो असे माझे म्हणणे नाही.

देश लहान. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आजची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. उत्तरेस मिन्यू प्रांताची ओली, दाट वस्तीची, तुकड्यातुकड्यांत वाटलेली शेती. दक्षिणेस आलेंतेजूचा कोरडा, ओकाच्या व बुचाच्या झाडांचा, मोठमोठ्या जमीनदारांचा मुलूख. मधून वाहणारी तेजू नदी. पाठीशी स्पेन आणि समोर अटलांटिक. अशा भूमीला स्वतंत्र राष्ट्र होण्यासाठी निसर्गाने फारसे कारण दिलेले नाही, कारण तिच्या मोठ्या नद्या स्पेनमधून येतात आणि डोंगरांच्या रांगाही सीमा पाहून थांबत नाहीत. रोमन लोकांनी लुझितानिया म्हणून, स्वेवी व व्हिसिगॉथ यांनी आपापल्या परीने, आणि ७११ नंतर मूर मुसलमानांनी या भूमीवर राज्य केले. त्यातून उत्तरेच्या एका लहान परगण्याने डोके वर काढले. दुएरू नदीच्या मुखाशी असलेल्या 'पोर्तुस काले' या जुन्या बंदरावरून त्या परगण्याचे नाव पडले. आफोंसो एन्रिकिश याने राजा ही पदवी घेतली, ११४३ च्या झामोरा येथील तहात शेजारच्या लेओनने ती मानली, ११४७ मध्ये जलमार्गाने पवित्र भूमीकडे निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने त्याने लिस्बन जिंकले, आणि ११७९ मध्ये रोमच्या पोपने सनद दिली. १२४९ पर्यंत दक्षिणेचा आल्गार्व्ह हाती आला. १२९७ च्या आल्कान्यिसेस येथील तहाने जी सीमा आखली गेली ती, ओलिव्हेंसासारखा अपवाद सोडला, तर आजही तीच आहे. सातशे वर्षे न हललेली अशी सरहद्द युरोपात दुर्मीळच.

ही सीमा आखली गेली तेव्हा गादीवर होता दिनिश राजा, आणि तो माझ्या विशेष आवडीचा आहे हे कबूल केलेले बरे. त्याने सरकारी लेखन लॅटिनमधून लोकभाषेत आणले, १२९० मध्ये विद्यापीठ स्थापले, जे पुष्कळ स्थलांतरे करून १५३७ मध्ये कुइंब्रा येथे कायमचे स्थिरावले, आणि स्वतः १३७ गीते रचली, ज्यांपैकी कित्येक परदेशी गेलेल्या प्रियकराची वाट पाहणाऱ्या मुलीच्या तोंडी घातलेली आहेत. राजाने स्त्रीच्या आवाजात विरह गावा, हा त्या काळच्या गॅलिशियन-पोर्तुगीज काव्याचा संकेतच होता. परंतु पुढे ज्या लोकांच्या घरोघरी समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे हाच संसार झाला, त्यांच्या वाङ्मयाचा आरंभ अशा गीतांनी व्हावा हे मनाला चटका लावते. 'सौदाद' हा त्यांचा शब्द अनुवादाला दाद देत नाही असे ते अभिमानाने सांगतात. हुरहूर, ओढ, आठव या तिन्हींना तो थोडा थोडा शिवतो.

राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता, या राज्याचा पाया किल्ल्यांइतकाच कागदांवर उभा होता. मूरांकडून घेतलेल्या ओसाड मुलखात वस्ती व्हावी म्हणून राजे गावांना 'फोराल' नावाची सनद देत. तीत महसूल किती, दंड किती, कुरणावर हक्क कुणाचा, बाजार कोणत्या वारी, हे लिहिलेले असे, आणि तिच्या बळावर गावची कारभारी मंडळी, ज्यांना 'भले पुरुष' म्हणत, आपली पंचायत चालवीत. आज पोर्तुगालात ३०८ नगरपालिका आहेत, आणि त्यांतील कित्येकांची वंशावळ अशा सनदेपाशी जाऊन पोचते. गोमंतकात आल्यावरही यांनी पहिल्या कामांत हेच केले : १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांची जुनी वहिवाट विचारून घेऊन ती फोरालात नोंदवली. गावकरी संस्था पोर्तुगीजांनी निर्मिली नाही. त्यांनी ती लिहून काढली. लिहिल्यामुळे ती टिकली, आणि लिहिल्यामुळेच ती बांधलीही गेली. राज्याचे सारे दस्तऐवज लिस्बनच्या गढीतील एका बुरुजात ठेवीत, त्या बुरुजावरून त्या दफ्तराचे नाव 'तोर्रे दो तोंबो' पडले. तोंबो म्हणजे नोंदवही. पेशवे दफ्तरात ज्यांनी रुमाल सोडले आहेत त्यांना या लोकांशी आपले काही नाते आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पुराभिलेखात बसून मराठ्यांच्या इतिहासावर जो प्रकाश टाकला तो याच लेखनव्यसनाच्या कृपेने. पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने निघणाऱ्या जहाजांवरून लिस्बन आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे जो पत्रव्यवहार झाला, त्याच्या बांधीव वह्यांना ते 'मोसमांची पुस्तके' म्हणतात.

राजा कोण व्हावा हा प्रश्नही त्यांनी एकदा कागदावर सोडवला. १३८३ मध्ये राजवंश पुरुषवारसावाचून खुंटला आणि कॅस्टिलच्या राजाने बायकोच्या नात्याने गादीवर हक्क सांगितला. १३८५ मध्ये कुइंब्रा येथे सरदार, धर्माधिकारी आणि नगरांचे प्रतिनिधी यांची सभा भरली, तीत जुआंव दश रेग्राश नावाच्या कायदेपंडिताने एकेका दावेदाराचा हक्क कायद्याच्या कलमांनी निकालात काढला, गादी रिकामी आहे असे सिद्ध केले, आणि गादी रिकामी असल्यास ती भरण्याचा अधिकार सभेचा आहे असे प्रतिपादिले. मग सभेने मृत राजाच्या अनौरस भावाला, आव्हिश पंथाच्या जुआंवला, राजा केले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला आल्जुबारोताच्या रणात नुनु आल्व्हारिश परैरा याने संख्येने मोठ्या कॅस्टिली सैन्याचा धुव्वा उडवून त्या युक्तिवादावर शिक्का मारला. पुढल्या साली इंग्लंडशी झालेला विंझरचा तह अद्याप अबाधित मानला जातो. निवडलेल्या राजाच्या मुलांनीच समुद्र उघडला.

त्या समुद्रपराक्रमाची हकीकत आपल्या शाळेच्या पुस्तकांत येऊन गेलेली आहे, म्हणून तिच्यावर मी फार वेळ घालवीत नाही. १४१५ मध्ये सेउता, १४३४ मध्ये बोजादोरचे भूशिर, १४८८ मध्ये आफ्रिकेचे दक्षिण टोक, १४९८ मध्ये कालिकत, १५०० मध्ये ब्राझील, १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. एवढ्या लांबीची ही साखळी विणणाऱ्या राष्ट्राची लोकसंख्या त्या वेळी दहा-पंधरा लाखांच्या घरात होती. मोठा मुलूख जिंकणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी मोक्याच्या खाड्या व नाकी धरली, समुद्रावर जाणाऱ्या परक्या गलबतांना 'कार्ताज' नावाचे दस्तक विकले, आणि ज्याच्यापाशी ते नसेल त्याचा माल जप्त केला. तोवर ज्या हिंदी महासागरात कुणी कुणाला जाण्याची परवानगी विचारीत नव्हते, त्याच्यावर जकातीचे नाके बसले. मिऱ्याचा व्यापार राजाच्या मक्त्यात आणि हिशेब लिस्बनच्या 'काझा दा इंदिया' या कचेरीत.

याच साखळीची दुसरी कडी पोर्तुगीज इतिहासकार पुष्कळ काळ हळू आवाजात सांगत. १४४४ मध्ये आल्गार्व्हच्या लागोश बंदरात २३५ आफ्रिकी माणसे उतरवून वाटण्यात आली. राजाचा बखरकार झुरारा याने तो देखावा लिहून ठेवला आहे, आणि आईपासून मूल तोडताना उठलेला आक्रोश सांगताना त्याचाही हात कापतो, जरी शेवटी तो त्या माणसांच्या आत्म्याच्या कल्याणाची गोष्ट काढून मोकळा होतो. पुढल्या चार शतकांत अटलांटिकवरील गुलामांच्या व्यापारात पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांचा वाटा सर्व राष्ट्रांत मोठा ठरला. बेलें येथील जेरोनिमुश मठाच्या दगडी दोरखंडांचे, प्रवाळांचे व खगोली गोलांचे कोरीवकाम पाहताना ही गोष्ट मनात बाळगावी.

आणि तरीही या उद्योगावरील सर्वांत परखड टीका पोर्तुगीजाच्याच लेखणीतून, तीही त्यांच्या राष्ट्रीय महाकाव्यात, आली. लुईश द कामोंइश एका डोळ्याने अधू होता, तो डोळा त्याने सेउताला गमावला. १५५३ मध्ये तो गोव्यात आला, पूर्वेकडे अनेक वर्षे हालअपेष्टांत काढून परतला, आणि १५७२ मध्ये त्याचे 'उश लुझियादश' प्रसिद्ध झाले. व्हास्को द गामाच्या सफरीचे ते गौरवकाव्य. परंतु गलबते सुटण्याच्या क्षणी किनाऱ्यावरच्या गर्दीतून एक म्हातारा पुढे होतो आणि कीर्तीच्या लोभाला, गाव ओसाड करून दूरचा शत्रू शोधणाऱ्या या वेडाला, शिव्याशाप देतो. कवीने त्याला उत्तर दिलेले नाही. गलबते तशीच निघून जातात. कामोंइश वारला तो १० जून हाच पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस मानतात; वीराच्या जन्मदिवसाऐवजी कवीचा मृत्युदिन निवडणाऱ्या राष्ट्राविषयी मला आदर वाटतो.

वैभवाच्या त्याच काळात घरचा काळोख वाढत होता. स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांना प्रथम आसरा मिळाला, मग १४९७ मध्ये त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला, आणि अशा रीतीने जे 'नवे ख्रिस्ती' झाले त्यांची १५०६ च्या एप्रिलात लिस्बनच्या जमावाने कत्तल केली. राजा मानुएल याने पुढाऱ्यांना फासावर दिले खरे, पण १५३६ मध्ये धर्मन्यायालय बसलेच. गोव्यात ते आले १५६० मध्ये. गार्सिया द ऑर्ता याचे उदाहरण मला दोन्ही टोके जोडणारे वाटते. नव्या ख्रिस्ती कुळातला हा वैद्य गोव्यात येऊन राहिला, अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते, मुंबईचे बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि इथल्या वैद्यांना व हकिमांना विचारून, झाडपाला हाताळून त्याने हिंदी औषधी द्रव्यांवर जे संवाद लिहिले ते १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. डोळ्यांनी पाहिलेले ग्रीक ग्रंथकारांहून श्रेष्ठ, असे बेधडक म्हणणारा हा माणूस. त्याच्या मरणानंतर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. धर्मन्यायालयाने गोमंतकातील हिंदूंचा व नवख्रिस्त्यांचा किती छळ केला हे आपण जाणतोच. त्याच न्यायालयाच्या वह्यांत पोर्तुगीजांच्या सर्वोत्तम बुद्धीचीही राख आहे.

१५७८ च्या ऑगस्टात चोवीस वर्षांचा, अविवाहित, हट्टी राजा सेबाश्तियांव मोरोक्कोत आल्कासेर-किबीरच्या रणात सैन्यासह गारद झाला. त्याचा देह पाहिल्याची खात्री लोकांनी मानली नाही. धुक्याच्या सकाळी राजा परत येईल, या श्रद्धेने पिढ्यान्पिढ्या वाट पाहिली, आणि मधून मधून तोतयेही निघाले. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. १५८० पासून साठ वर्षे गादी स्पेनच्या राजाकडे होती. १ डिसेंबर १६४० रोजी सरदारांच्या एका टोळीने लिस्बनचा राजवाडा ताब्यात घेतला, स्पेनधार्जिण्या कारभाऱ्याला खिडकीतून खाली फेकले आणि ब्रागांझाच्या ड्यूकला राजा केले. नव्या राजघराण्याला मित्रांची निकड होती, म्हणून १६६१ च्या विवाहकरारात राजकन्या कातारीना इंग्लंडच्या चार्ल्सला दिली आणि सोबत मुंबई आंदण गेली. मुंबई दिल्याचे दुःख गोव्याच्या पोर्तुगीज अंमलदारांना इतके झाले की बेट प्रत्यक्ष सोपवायला त्यांनी चार वर्षे खळखळ केली. बेटाच्या मोलाचा त्यांचा अंदाज बरोबर होता.

आता ज्या एका सकाळीपाशी मला थांबायचे आहे ती १ नोव्हेंबर १७५५ ची. सर्व संतांचा सण, चर्चे माणसांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली. साडेनऊच्या सुमारास भूमी हलली, मग तेजूचे पाणी मागे सरून लाटांच्या भिंतीने परतले, आणि पडलेल्या शहराला लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. ब्राझीलच्या सोन्यावर सजवलेला राजवाडा, त्यातील ग्रंथालय, त्याच वर्षी उघडलेले संगीतगृह, सारे गेले. दफ्तराचा बुरुजही कोसळला. परंतु मानुएल दा माइया नावाच्या म्हाताऱ्या दफ्तरदाराने ढिगाऱ्यातून कागद काढून लाकडी झोपड्यांत हलवले, आणि हाच दफ्तरदार राज्याचा मुख्य अभियंता असल्यामुळे नवे शहर कसे बांधावे याचे निरनिराळे पर्यायही त्यानेच लिहून दिले. एका हाताने जुने जपणारा आणि दुसऱ्या हाताने नवे आखणारा हा मनुष्य इतिहासात फारसा गाजला नाही. गाजला तो मंत्री, पुढे मार्किश द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला. त्याने गल्ल्यांच्या गुंत्याऐवजी सरळ रुंद रस्ते, एका उंचीच्या इमारती आणि भिंतीच्या आत धक्का सोसणारा लाकडी सांगाडा, ज्याला ते 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात, असे लिस्बन उभारले. आणि राज्यातील प्रत्येक धर्मग्रामाकडे प्रश्नावली धाडून धक्का किती वेळ टिकला, विहिरींचे पाणी चढले की उतरले, माणसे किती गेली, हे विचारले. भूकंप म्हणजे दैवी कोप असे युरोपात पुष्कळ जण म्हणत असताना एका सरकारने त्याची चौकशी करावी, तीही कारकुनी पद्धतीने, हे फार मोठे पाऊल होते. कोप म्हणून उपदेश करणाऱ्या मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेझुइटाला मात्र याच मंत्र्याने १७६१ मध्ये धर्मन्यायालयाकडून मारविले; तत्पूर्वी ताव्होरा या सरदार घराण्याची भर चौकात हाल हाल करून हत्या झाली होती आणि जेझुइटांना राज्याबाहेर घालवण्यात आले होते. जुन्या व नव्या ख्रिस्त्यांमधील भेद याच पोंबालने १७७३ मध्ये कायद्याने पुसला. सुधारणा आणि जुलूम एकाच बोरूने लिहिणारा हा पुरुष स्तुत्य की निंद्य, हा वाद पोर्तुगालात अद्याप मिटलेला नाही, मिटू नये.

एकोणिसाव्या शतकाची कथा राज्यघटना, बंडे आणि कर्जे यांची आहे. नेपोलियनच्या फौजा येताच १८०७ मध्ये दरबार ब्राझीलला पळाला, १८२० मध्ये पोर्तो शहराने उदारमतवादी क्रांती केली, १८२२ मध्ये घटना आली आणि त्याच वर्षी ब्राझील गेले, राजघराण्यातील दोघा भावांत यादवी झाली, १८३४ मध्ये मठांच्या मिळकती सरकारजमा झाल्या. या धामधुमीत बेर्नार्दु पेरिश दा सिल्व्हा या गोमंतकीयाला लिस्बनने गोव्याचा प्रमुख नेमले. १८३५ च्या जानेवारीत तो अधिकारावर बसला, आणि लष्कराने तीन आठवडेही न जाता त्याला हुसकून लावले. लिस्बनमध्ये लिहिलेली समता मांडवीपर्यंत येता येता अशी विरघळे. १८६७ हे वर्ष मात्र ध्यानात ठेवावे : त्या साली पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी देहान्त शिक्षा रद्द केली, आणि त्याच साली त्यांचा दिवाणी कायद्याचा संग्रह तयार झाला. १९०८ मध्ये राजा कार्लुश आणि युवराज भर रस्त्यात मारले गेले, ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक आले. गोव्यातील हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची वागणूक मिळू लागली ती या प्रजासत्ताकाच्या काळात, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण सोळा वर्षांत पंचेचाळीस मंत्रिमंडळे झाली, आणि कंटाळलेल्या देशाने १९२६ च्या लष्करी उठावाकडे सुटकेच्या नजरेने पाहिले.

या उठावाने ज्याला वर आणले तो सालाझार सैनिक नव्हता, वक्ता नव्हता, जमावापुढे तो उभा राहिला की अवघडे. शेतीच्या कारभाऱ्याचा मुलगा, पाठशाळेत पाद्री होण्यासाठी शिकलेला, कुइंब्रात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये अर्थमंत्री होताना त्याने अट घातली की प्रत्येक खात्याचा खर्च माझ्या सहीने. हिशेब जुळले. ते जुळवणारा १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या घटनेवर जे सार्वमत घेतले त्यात गैरहजर राहिलेल्यांची मते होकारात मोजली गेली. मग गुप्त पोलीस, निळ्या पेन्सिलीने वृत्तपत्रे खोडणारे तपासनीस, केप व्हर्दे बेटांतील ताराफालची बंदिछावणी. या माणसाने साम्राज्य हा राष्ट्राचा प्राण असे मरेपर्यंत म्हटले. पण आफ्रिकेत किंवा गोव्यात त्याने कधी पाऊलही टाकले नाही. १९६१ मध्ये शरण न जाण्याचा त्याचा हुकूम मोडून गव्हर्नर व्हासालु ई सिल्व्हा याने माणसांचे जीव वाचवले, तेव्हा मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून बडतर्फ केले गेले. त्याचे पद त्याला १९७४ नंतरच परत मिळाले.

इथे आरंभीचा धागा पुन्हा हाती घ्यावासा वाटतो. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये पकडून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. त्याच किल्ल्यातून १९६० च्या जानेवारीत पोर्तुगीज कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल आपल्या साथीदारांसह भिंत उतरून निसटला. गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाश तुरुंगात होते, आणि गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ मध्ये, सुटले. त्यांच्या आजूबाजूच्या कोठड्यांत पोर्तुगीज विद्यार्थी, कामगार, लेखक होते. तुरुंग हा मराठी शब्दही पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आलेला. अपराध्याचे पाय अडकवण्याचा तो लाकडी खोडा. शब्द आपण घेतला, वस्तू दोघांनी भोगली.

ज्यांना बोलता येईना ते निघून गेले. साठच्या दशकात पोर्तुगीज खेडुतांचे लोंढे चोरवाटांनी, रात्रीचे, पिरेनीज ओलांडून फ्रान्सला जाऊ लागले. गरिबी एका बाजूला, आणि आफ्रिकेतील वसाहतयुद्धांची सक्तीची लष्करी चाकरी दुसऱ्या. वाटाड्याची लबाडी टाळण्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. निघणारा माणूस आपले छायाचित्र मधोमध फाडी. एक अर्धुक घरी ठेवी, दुसरे सोबत नेई, आणि सुखरूप पोचल्यावर ते परत धाडी. दोन तुकडे जुळले म्हणजेच घरची मंडळी वाटाड्याची राहिलेली रक्कम चुकती करीत. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या कोकणातील घरांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

२५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर नभोवाणीवर ठरलेले एक गाणे वाजले, आणि आफ्रिकेच्या युद्धांना विटलेले तरुण कप्तान आपापल्या तुकड्या घेऊन लिस्बनकडे निघाले. घरातच राहा अशी सूचना वारंवार देऊनही लोक रस्त्यावर आले आणि बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली गेली. संध्याकाळी सालाझारचा वारस कायतानु एका बराकीत शरण आला. रक्त अगदीच सांडले नाही असे नाही : गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून गर्दीवर गोळ्या झाडल्या, त्यात चार माणसे मेली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढल्या वर्षी घटना समितीसाठी मतदान झाले तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. १९३३ साली जे घरी बसले म्हणून होकारात धरले गेले होते, त्यांच्या नातवंडांनी रांगा लावल्या.

१९७६ ची ती घटना दुरुस्त्यांसह आज चालू आहे. २३० सभासदांची एकच विधानसभा. तिला जबाबदार असलेला पंतप्रधान. आणि लोकांनी थेट निवडलेला, पाच वर्षांच्या मुदतीचा राष्ट्राध्यक्ष, जो रोजचा कारभार करीत नाही, पण कायदा परत पाठवू शकतो आणि सभा बरखास्त करू शकतो. एकाच माणसाच्या सहीवर सर्व खर्च चालण्याचा अनुभव घेतलेल्या लोकांनी अधिकाराच्या चाव्या दोन-तीन खिशांत वाटून ठेवाव्या, यात आश्चर्य नाही. आसोरेस व मदैरा या द्वीपांना स्वायत्त सरकारे आहेत. २०१५ ते २०२४ या काळात ज्या आंतोनियु कोश्ताने पंतप्रधानपद सांभाळले त्याचे वडील, लेखक ओर्लांदु दा कोश्ता, मडगावात वाढलेले. १८३५ मध्ये गोव्याला गोमंतकीय प्रमुख तीन आठवडे न सोसणाऱ्या राज्याला एकशे ऐंशी वर्षांनी गोमंतकीय वंशाचा पंतप्रधान आठ वर्षांवर चालला.

संस्कृतीविषयीची प्रकरणे स्वतंत्र आहेत, म्हणून इथे थोडेच. आल्फामा आणि मोरारीया या लिस्बनच्या जुन्या आळ्यांतील फादु गायन, घराच्या दर्शनी भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या फरशा, आणि स्वतःच्या समुद्रात न मिळणाऱ्या, दूरच्या थंड पाण्यातून आणून खारवलेल्या कॉड माशावरील त्यांची अढळ निष्ठा, यांची ओळख वाचकाला पुढे होईल. फेर्नांदु पेसोआ या कवीकडे मात्र आधीच लक्ष वेधतो. लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांत परदेशी पत्रव्यवहार लिहून पोट भरणाऱ्या या कारकुनाने निरनिराळ्या कवींची नावे, जन्मतारखा, स्वभाव आणि शैली कल्पून त्या प्रत्येकाच्या नावे कविता लिहिल्या. १९३५ मध्ये तो वारला तेव्हा पोर्तुगीज कवितेचे त्याचे एकच पुस्तक छापलेले होते, आणि घरी एका पेटाऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले. दफ्तरप्रिय राष्ट्राचा श्रेष्ठ आधुनिक कवी पेटारा मागे ठेवून जातो, हे त्या लोकांच्या स्वभावाला धरूनच झाले.

आपल्या घरात त्यांचे काय राहिले, हे पाहायला बटाटा, पाव, पगार, लिलाव, घमेले, नाताळ एवढे शब्द उच्चारले तरी पुरे. पण सर्वांत चिवट राहिला तो १८६७ चा दिवाणी संग्रह. पोर्तुगालने नवा संग्रह करून १९६७ पासून तो जुना कायदा आपल्या देशातून काढून टाकला. गोव्यात त्यातील काही भाग नव्या अधिनियमांनी बदलले असले तरी विवाहाविषयीचा भाग अजून चालतो, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना. एखाद्या पोर्तुगीजाला आपल्या पणजोबांचा कायदा वापरात असलेला पाहायचा झाला तर त्याला म्हापशाच्या किंवा मडगावच्या निबंधक कचेरीत यावे लागेल. तिथे लग्नाची नोंद करायला आलेले जोडपे बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत असते. नाव पुकारले की उठून दोघे वहीवर सह्या करतात, आणि आधी वेगळा करार केलेला नसेल तर त्या सहीसरशी एकमेकांच्या मिळकतीचे निम्मेनिम्म धनी होऊन उन्हात बाहेर पडतात.